प्रपोजल मराठीत का चालत नाही?

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की फोन वाजायला लागतात. "सर, थोडा फंड शिल्लक आहे, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचाय. एखादं चांगलं प्रपोजल आहे का तुमच्याकडे? उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल?" बोलणारी व्यक्ती बहुधा पुण्या-मुंबईच्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाचं काम बघणारी, तिशीच्या आतली आणि मनाने चांगली असते. मी हो म्हणतो. गेली चौदा वर्षं मी हेच करतोय. मराठवाड्यातल्या लहान संस्थांना इंग्रजीत प्रपोजल, म्हणजे कामासाठी पैसे मागणारे प्रस्ताव लिहून देतो. काही संस्था पैसे देतात, काही जेवू घालतात, एकीने दोन वर्षं हरभऱ्याचं पोतं पाठवलं. माझं घर यावर चालतं, तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते माझ्याच पोटावर पाय आणणारं आहे, हे आधी सांगून टाकतो.

म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रातल्या कामाला पैसे देणाऱ्यांनी प्रपोजल मराठीत घ्यावं. इंग्रजीला जोड म्हणून मराठी, असं नव्हे. मूळ कागदच मराठीत असावा. ज्यांना तो वाचता येत नाही त्यांनी भाषांतर आपल्या खर्चाने करून घ्यावं.

दुकानांच्या पाट्यांचा वाद माझ्या डोक्यात नाही. मला काळजी आहे ती भाकरीची, आणि ती एका ताईंमुळे लागली.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात या ताई सहा वर्षांपासून ऊसतोड कामगारांची मुलं सांभाळतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाचे ट्रॅक्टर येतात आणि उचल घेतलेले कोयते (आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. परततात ते पाडव्याच्या आगेमागे. मूल बरोबर गेलं की शाळा बुडाली. मागे ठेवलं तर म्हाताऱ्या आजीच्या जिवावर. यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, ती शाळा व्यवस्थापन समितीने चालवायची असतात, पण आमच्या भागात मंजुरी हातात पडेपर्यंत ट्रॅक्टर कधीच गेलेले असतात. ताईंनी वसतिगृहाचा घाट घातलाच नाही. मुलं आपापल्या आजीकडेच झोपतात. संध्याकाळचं जेवण आणि त्याआधी तासदीड तास अभ्यास मात्र ताईंच्या ओट्यावर.

पहिल्यांदा प्रपोजल लिहायला बसलो तेव्हा मी विचारलं, "ताई, उद्दिष्ट काय लिहू?"

"उद्दिष्ट काय सर, रातच्याला पोराच्या पोटात भाकर पडली की म्हातारी त्याला फडावर धाडत न्हाई. न्हाई पडली की आठ दिवसांत धाडती."

मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन त्याचं इंग्रजी केलं. देवनागरीत उतरवायचं तर ते असं होतं: 'एन्शुअरिंग एज्युकेशनल कंटिन्यूइटी ऑफ मायग्रंट चिल्ड्रन थ्रू होलिस्टिक न्यूट्रिशनल सपोर्ट.' उद्दिष्टाच्या रकान्याला पाचशे अक्षरांची मर्यादा होती, त्यात ते ऐटीत बसलं. आजी गेली, रात्र गेली, आठ दिवस गेले.

महिन्याभराने कंपनीकडून शंका आली. शाळेत दुपारी पोषण आहार मिळतोच, मग हे दुसरं जेवण कशाला? ही डुप्लिकेशन झाली, जेवणाची रक्कम निम्मी करता येईल का? प्रश्न विचारणाऱ्याची काही चूक नव्हती. माझं वाक्य वाचून मीही हेच विचारलं असतं. ताईंचं वाक्य जसंच्या तसं त्याच्या टेबलावर गेलं असतं तर त्याला कळलं असतं की सगळं काम त्या रात्रीच्या भाकरीवर उभं आहे, दुपारच्या खिचडीने आजीचा प्रश्न सुटत नाही. प्रपोजलचे जाणकार जिला 'थिअरी ऑफ चेंज' म्हणतात, म्हणजे काय केल्याने काय बदलतं याची साखळी, ती ताईंनी एका दमात सांगितली होती. मी तिचं भाषांतर करताना ती सांडली. रक्कम कापली गेली. ती भरून काढायला ताईंनी गावात ज्वारी मागितली.

पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते. त्याच फॉर्मवर किमान शंभर लाभार्थींची अट होती. मुलं होती अडतीस. "मग बाकीची बासष्ट कुठनं आणू?" ताईंनी विचारलं. मी म्हणालो, ते माझ्यावर सोडा. आज्या, आजोबा, मागे राहिलेली धाकटी भावंडं असे सगळे मी 'अप्रत्यक्ष लाभार्थी' केले आणि आकडा एकशे दहावर नेला. इंग्रजीत हे सहज जमतं, तिथे माणसांची बेरीज करताना कोणी त्यांची नावं विचारत नाही. पाहणीला आलेल्या मॅडमनी ओट्यावर मुलं मोजली, अडतीस भरली. बाकीची कुठे आहेत असं विचारल्यावर ताईंनी भाकरी थापणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ह्या बी हितंच खात्यात." अहवालात 'उद्दिष्टापेक्षा कमी साध्य' असा शेरा पडला, पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत. खोटं मी लिहिलं होतं आणि शेरा ताईंच्या नावावर चढला. त्यांना ते इंग्रजी वाचता आलं असतं तर एकशे दहाचा आकडा त्यांनी तिथेच खोडला असता. मी त्यांना ओळखतो.

मराठीचा माझा आग्रह इथून सुरू होतो. प्रपोजलमध्ये संस्था वचन देत असते. संस्थेलाच आपण काय वचन दिलं हे वाचता येत नसेल तर तिला जबाबदार कसं धरायचं? प्रपोजल मंजूर झालं की एमओयू म्हणजे सामंजस्य करार येतो, दहा-बारा पानी इंग्रजी. उरलेली रक्कम परत कधी करायची, फोटोवर कुणाचा हक्क, करार कोण आणि कसा मोडू शकतं, हे सगळं त्यात असतं. कार्यकारिणीची बैठक बसते, सचिव पेनाने खुणा करून ठेवतो: सही इथे, इथे आणि इथे. याच संस्थेची घटना मराठीत असते. ठराव, इतिवृत्त, सभेची नोटीस सगळं मराठीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते तेव्हा तिथेही आमचं मराठीवाचून अडत नाही. पैसा यायची वेळ झाली की मात्र विश्वस्त निरक्षर होतात.

कायदा असं काही मागत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. २०२२-२३ मध्ये देशभरात या मार्गाने सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, हेही त्याच कलमात आहे. प्रस्ताव कोणत्या भाषेत हवा, याबद्दल कायद्यात किंवा नियमांत एक ओळ नाही. इंग्रजीची अट कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी घातली आहे.

अशा घरगुती अटी आणखीही आहेत आणि त्या कायद्याच्या नावावर खपवल्या जातात. ३१ मार्च घ्या. काम एका वर्षात संपणारं नसेल तर ते 'चालू प्रकल्प' म्हणून दाखवून उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते, अशी सोय २०२१ च्या बदलांपासून आहे. तरी ताईंचे पैसे फेब्रुवारीत आले आणि मार्चअखेर संपवायचे होते. कोयते परतायचे असतात पाडव्याला. पाडवा कधी कधी एप्रिलच्या मध्याकडे जातो. दुसरी अट ५ टक्क्यांची. नियमातली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर-प्रशासनाच्या खर्चाला आहे. संस्थेने बजेटमध्ये हिशोबनिसाचं मानधन धरलं की तिलाच ऐकवलं जातं, "पाच टक्क्यांच्या वर चालत नाही." नियम इंग्रजीत आहे, ऐकणारा बीडचा आहे, म्हणून हे खपतं.

पूर्वी इंग्रजीच्या या भिंतीला एक खिडकी होती. शहरातल्या मोठ्या संस्था परदेशी निधी आणायच्या आणि त्यातला काही भाग गावातल्या लहान संस्थांना द्यायच्या. इंग्रजी त्या सांभाळायच्या, गावाशी बोलणं मराठीत व्हायचं. त्यांनी त्यात मालकी गाजवली नाही असं नाही, पण लहान संस्थेला मराठीत भांडायला समोर माणूस तरी असायचा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायदा म्हणजे एफसीआरए बदलला. मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर उतरली. खिडकी बंद झाली. आता लहान संस्थेला थेट दारात उभं राहावं लागतं, हातात करसवलतीची १२ए आणि ८०जी, सरकारच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि एक इंग्रजी प्रपोजल घेऊन. पहिली चार कागदपत्रं सीए काढून देतो. पाचव्यासाठी माझ्यासारखा माणूस लागतो.

मागण्याची भाषा मराठी असताना इथे काय उभं राहिलं ते थोडं आठवून बघावं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड जमवला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे तिच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाचा आधार झाला, घरोघरच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. त्या काळाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. तेव्हाही देणाऱ्याच्या अटी असत. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये १५ लाख रुपये दिले तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव द्यायचं ठरलं आणि ते आजही एसएनडीटीच आहे. अट काय आहे हे मात्र दोन्ही बाजूंना कळत होतं. मूठभर ज्वारी देणारी बाईदेखील मागायला आलेल्याला विचारू शकत होती की पोरांना कालवण काय देता. कंपनीचा भागधारक ताईंना असं विचारू शकत नाही आणि ताई त्याला सांगू शकत नाहीत, मधे मी आहे.

हे केवळ जुन्या काळी जमलं असंही नाही. 'लोकसत्ता' २०११ पासून दर गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम चालवतं. दहा संस्थांची ओळख छापून येते: काम काय, अडतं कुठे, पैसे कशाला हवेत. लोक ते वाचतात आणि धनादेश पाठवतात. वर्तमानपत्रातलं अर्धं पान हे एक प्रपोजलच झालं की. त्यात ना लॉगफ्रेम (उद्दिष्टांपासून गृहीतकांपर्यंत सगळं रकान्यांत मांडणारा तक्ता) असतो, ना 'की परफॉर्मन्स इंडिकेटर'. निवृत्त शिक्षकाला जे वाचून पैसे द्यावेसे वाटतात, ते वाचून कंपनीच्या समितीला निर्णय घेता येणार नाही, असं मला वाटत नाही.

आता आमच्या बाजूची उणीदुणी. कार्यकर्त्यांमध्ये एक पठडी आहे: "आमचं कामच बोलतं, कागदं कशाला?" या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आहे. काम बोलतं ते जवळ उभं राहणाऱ्याशी, पैसे देणारा दोनशे किलोमीटरवर असतो. पावत्या सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर, मस्टर महिनाअखेरीला एकाच पेनाने भरलेलं, आणि वर ताठा. प्रपोजल लिहिण्यातून चांगलंही खूप निघतं. अडतीसच मुलं का, साठ का नाहीत? तुम्ही आजारी पडलात तर भाकऱ्या कोण करणार? हे प्रश्न फॉर्मनेच विचारले आणि त्यामुळेच ताईंनी आणखी दोन बायकांना हाताशी घेतलं. ज्या लॉगफ्रेमला आम्ही शिव्या घालतो तो तक्ता १९६९ च्या सुमाराला अमेरिकेच्या यूएसएडसाठी तयार झाला. मदतीचे प्रकल्प कशासाठी चाललेत आणि ते साधलं हे कशावरून ओळखायचं, हे धड कोणी सांगत नाही, अशी तेव्हाची तक्रार होती. तक्रार रास्तच होती. तक्ता राहू दे. चार रकाने मराठीत भरायला काही अडचण नाही. मी एकदा ताईंच्या अंगणात खडूने आखून तो भरून घेतला होता आणि 'गृहीतकं' या रकान्यात त्यांनी पहिल्या फटक्यात सांगितलं ते होतं, "मुकादम पोरांना न्यायची जबरदस्ती करणार न्हाई." इंग्रजी फॉर्म भरताना मी दर वर्षी तिथे 'पुरेसा पाऊस' लिहीत होतो.

आणि मराठी म्हणजे आपोआप स्वच्छ, असं समजायचंही कारण नाही. सरकारी अनुदानाचे प्रस्ताव मराठीतच असतात. 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सदर बाब अनुज्ञेय असल्यास' ही कोणाची मराठी आहे, देव जाणे. त्या प्रस्तावांसाठीही लोक माझ्याकडेच येतात. कंपन्यांनी उद्या मराठी चालेल म्हटलं आणि सरकारी मराठीतला पंधरा पानी फॉर्म पुढे केला तर माझा धंदा आणखी तेजीत येईल.

हरकती येतात त्या मी ऐकल्यात. एका माणसापुढे तीनशे अर्ज असतात, समितीतले निम्मे सदस्य बेंगळुरू-दिल्लीचे असतात, एकसारखी भाषा नसेल तर तुलना कशी करायची? अडचण खरी आहे. पण ज्या कंपनीला साबण मराठीत विकता येतो, पॅकेटवर, टीव्हीवर, गावच्या भिंतीवर, तिला मराठी वाचणारा एक माणूस नेमणं झेपत नाही हे मला पटत नाही. शिवाय आता यंत्रं आली आहेत. दोनेक वर्षांपासून गावातला बारावीचा मुलगासुद्धा मोबाइलवर चॅटजीपीटीकडून झुळझुळीत इंग्रजी प्रपोजल लिहून घेतो. म्हणजे प्रश्न मिटला? माझ्या मते उलटा झाला. यंत्राला ताईंचं गाव माहीत नसतं, ते जिथेतिथे चालणारं लिहून देतं. आजी माझ्याकडून एका संध्याकाळी हरवली, यंत्राकडून दहा सेकंदांत हरवते. आणि पैसे देणाऱ्याला आजवर चांगल्या इंग्रजीवरून निदान एवढं तरी कळायचं की या संस्थेकडे शिकलेला माणूस आहे. आता तेही कळत नाही. तीनशेच्या तीनशे अर्ज सारखेच गुळगुळीत.

तेच यंत्र कंपनीच्या टेबलावर ठेवलं तर? ताईंनी मराठीत लिहावं किंवा बोलून पाठवावं, समितीने हव्या त्या भाषेत वाचावं. भाषांतरात तिथेही काही सांडेल, कबूल. पण मूळ कागद फाइलमध्ये असेल. शंका आली तर कोणाला तरी विचारता येईल की ही 'रातच्याला' म्हणजे नेमकं काय म्हणते. आज ताईंचं वाक्य माझ्या वहीत आहे आणि कंपनीच्या फाइलमध्ये नाही, ते तपासायचं ठरवलं तरी तपासणार कशावरून?

माझ्याकडे कोणी विचारलं तर मी इतकंच सुचवेन: दोन पानं मराठीत, सोबत मागच्या वर्षीचा हिशोब आणि मस्टरच्या पानाचा फोटो. पैसे ठरायच्या आधी एक भेट, जेवायच्या वेळेला. एमओयू मराठीत, आणि वाद झाला तर तोच मजकूर ग्राह्य. बजेटमध्ये हिशोब ठेवणाऱ्याचं मानधन, न लाजता. लाभार्थींचा किमान आकडा काढून टाकावा. तो असेपर्यंत मी आज्या मोजत राहणार.

या वर्षीचा फॉर्म आलाय. पोर्टलवर भरायचाय, उद्दिष्टाला तीच पाचशे अक्षरं. ताईंनी व्हॉट्सअॅपवर अकरा मिनिटांचा आवाज पाठवलाय, मागे कोंबडे आरवतात. त्यातली पहिली चार मिनिटं त्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलतात, कारण टाकी ओट्यापासून लांब आहे आणि अंधार पडल्यावर मुलींना तिकडे पाठवायला त्यांचा जीव होत नाही. तो सगळा आवाज मी शब्दशः उतरवून काढला. अडीच पानं झाली. इंग्रजी फॉर्म भरला, मुलं एकेचाळीस लिहिली, आणि 'इतर कागदपत्रं' या बटणावर ती अडीच पानं जोडायला गेलो. मागच्या खेपेला तिथे फाइल चढली नव्हती. या वेळी चढली आहे, उघडतं कोण ते बघायचं.